मुलगी ११ ची, मुलगा ८ चा, घरीच शिकतात. लेखन-व्याकरणाची लेव्हल कशी ठरवायची?

सत्तरीकरीण:

नमस्कार सगळ्यांना. आम्ही वाळपईजवळ राहतो, दोन्ही मुलं गेल्या वर्षापासून घरीच शिकतायत. बाकीचं बऱ्यापैकी बसलंय, गणित नवरा बघतो, विज्ञान म्हणाल तर दाराबाहेर पाय टाकला की सुरू. अडलंय ते भाषेवर. इंग्रजीसाठी एक अमेरिकन कोर्स घ्यायचं चाललंय, त्यात लेखन आणि व्याकरण एकत्रच आहे, लेव्हल १ ते ८, आणि साइटवर वयाप्रमाणे बघितलं तर ११ वर्षं म्हणजे लेव्हल ५ किंवा ६. पण त्यांचीच प्लेसमेंट टेस्ट मुलीकडून करून घेतली तर व्याकरणात ती लेव्हल ३ लाच अडकली. नाउन, व्हर्ब ओळखते, अ‍ॅडव्हर्ब आणि क्लॉज आले की गप्प. आणि वाचते म्हणाल तर जाडजूड कादंबऱ्या, रात्री दिवा बंद कर म्हणून ओरडावं लागतं. बोलते पण फाडफाड. लिहायला बसवली की चार ओळी, त्यात फुलस्टॉपचा पत्ता नाही, सगळं 'अँड देन, अँड देन'. मग हिला घ्यायचं काय, ३ की ५? ३ चं सॅम्पल बघितलं, त्यातले उतारे अगदी बाळबोध आहेत, ती बघूनच नाक मुरडणार.

धाकट्याचं वेगळंच. गोष्ट सांग म्हटलं तर संपतच नाही, पेन्सिल हातात दिली की लगेच पोटात दुखतं. त्याचं लेखन आत्ता सुरू करावं का?

आणि मराठी. मी सावंतवाडीची म्हणून माझ्याशी मराठी, आजी-आजोबांशी कोंकणी, मुलं दोन्ही मिसळून बोलतात. परवा मुलीने लिहिलं, 'माझो भाव झाडार चढलो'. बालभारतीचं कितवीचं पुस्तक घ्यावं कळत नाहीये. नणंद म्हणते सहावीच्या वयाच्या पोरीला तिसरीचं पुस्तक दिलंस तर ती कायमची मागे राहणार. तिचं मनावर घेऊ नये हे कळतं, तरी डोक्यात राहतंच. कोर्स डॉलरमध्ये आहे, कुरियर वेगळं, त्यामुळे चुकीची लेव्हल आली तर परत करायचा प्रश्नच नाही.


बार्देशचो बाबा:

व्याकरणाला ३ घ्या, डोळे झाकून. या इंग्रजी व्याकरणाच्या मालिका बहुतेक सगळ्या फिरून फिरून तेच शिकवतात, नाउन १ ला पण आहे आणि ६ ला पण आहे, दर वर्षी थोडं खोल जातात इतकंच. त्यामुळे मधली एखादी लेव्हल राहिली म्हणून काही बुडत नाही, आणि ११ वर्षांची मुलगी ३ पासून सुरू झाली तर एका वर्षात दोन लेव्हल आरामात होतात कारण समज तिची ११ चीच आहे, फक्त नावं ठाऊक नाहीत. जे येतंय त्या पानावर पाच वाक्यं तोंडी घ्या आणि पुढे चला, प्रत्येक रकाना भरायलाच पाहिजे असं कोणी सांगितलंय. उलट ५ पासून धरलंत तर अ‍ॅडव्हर्ब क्लॉजचा धडा येणार आणि अ‍ॅडव्हर्बच कच्चं.

कव्हरवरचा आकडा ब्राउन पेपर घालून झाका. आमच्या लेकाला अजून ठाऊक नाही तो कितवी लेव्हल करतोय. नणंदेला तर सांगायचं कारणच नाही.

आणि टेस्ट करताना तुम्ही बाजूला बसला होता का? 'अगं आठव ना, काल वाचलंस ते' एवढं म्हटलं तरी मार्क वाढतात. परत एकदा द्या आणि चहा करायला आत निघून जा.


फोंड्याची माई:

बाबांचं व्याकरणाबद्दल पटतं, पण ताई मला तुमचा कोर्सच पटत नाहीये. वाचणं, तोंडी सांगणं, हाताने लिहिणं, स्पेलिंग, व्याकरण ही सगळी वेगवेगळी कामं, एकाच पोराची ती पाच ठिकाणी असू शकतात. शाळेत पन्नास जणांच्या वर्गात हे कोणाला दिसत नाही, घरी एका टेबलावर बसलं की लगेच दिसतं आणि आपण घाबरतो. तुमची मुलगी वाचनात सातवी-आठवीची असेल, व्याकरणात तिसरीची, लिहिण्यात चौथीची, आणि तिचं काही बिघडलेलं नाही. बिघडतंय ते दोन्ही एकत्र बांधलेल्या पुस्तकामुळे, कारण व्याकरणासाठी खाली उतरवलंत की लेखनातले उतारेही लहान पोरांचे येतात. म्हणून लेखन वेगळं आणि व्याकरण वेगळं मिळतं असं काहीतरी बघा. लेखनाच्या काही कोर्सना तर आठ लेव्हल नसतातच, तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी आणि नववी ते बारावी असे तीनच मोठे गट असतात, भावंडं एकत्र बसू शकतात. तुमची दोघं पहिल्या गटात चालतील, तोच उतारा, मुलीकडून दोन परिच्छेद आणि मुलाकडून तीन वाक्यं.

दुसरं म्हणजे, आणि हे कोणी सांगत नाही, हे कोर्स ज्या मुलांसाठी लिहिलेत त्यांच्या घरात पाळण्यापासून इंग्रजी आहे. त्यांना ए, अ‍ॅन, द शिकवावं लागत नाही, कानानेच येतं, म्हणून पुस्तकात त्यावर फार तर एखादं पान असतं. त्यांच्या मुलांचा घोळ असतो देअर कुठलं आणि इट्समध्ये अपॉस्ट्रॉफी, म्हणजे वरचा स्वल्पविराम, कधी द्यायचा यात. आमच्या मुलांना मराठीत असलं काही नसल्यामुळे ए आणि द नेमके तिथेच गळतात जिथे पाहिजेत, आणि नको तिथे येतात. 'आय अ‍ॅम हॅविंग टू कॅट्स' हे तर गोव्यात सगळेच बोलतात, त्याला अमेरिकन पुस्तकात धडाच नाही कारण तिथलं पोर ती चूक करतच नाही. प्रीपोझिशनचंही तसंच, आपण 'वर' म्हटलं की झालं, इंग्रजीत ऑन, अ‍ॅट, ओव्हर, अपॉन. यासाठी आपल्याकडचीच इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं बरी, रेन अँड मार्टिनच्या घराण्यातली, कंटाळवाणी आहेत पण आर्टिकल आणि टेन्सवर घासून घेतात. म्हणून मी तर म्हणेन व्याकरणाचे डॉलर वाचवा. त्या अमेरिकन पुस्तकांत बऱ्याचदा वाक्याची आकृती काढायलाही शिकवतात, रेघेवर कर्ता, उभी रेघ मारून क्रियापद, खाली तिरक्या रेघांवर विशेषणं. १८७७ मध्ये रीड आणि केलॉग या दोघांनी काढलेली पद्धत आहे ती. काही मुलांना फार आवडते, कोड्यासारखी, पण आपल्या कुठल्या बोर्डात विचारत नाहीत, तेव्हा लेकीला मजा येत असेल तरच.

लेखनाची लेव्हल टेस्टवरून कळत नाही, कोऱ्या कागदावरून कळते. तिला आवडेल अशा विषयावर वीस मिनिटं लिहू दे, मदत नाही, डिक्शनरी नाही. मग तो कागद घेऊन बसा आणि बघा वाक्यं सुटी होतायत का, एका परिच्छेदात एकच गोष्ट आहे का, की वरून खालपर्यंत घरंगळत गेलंय. तुम्ही लिहिलंत त्यावरून वाक्य सुटं करणं हीच तिची जागा वाटते, तिथून सुरू करायचं, निबंधाचं नाव आत्ता काढूच नका. एक साधं काम देते. म्हादई नदीवरचा किंवा वाघावरचा किंवा तिला ज्याचं वेड आहे त्यावरचा चांगला लिहिलेला एक परिच्छेद घ्या, प्रत्येक वाक्यातून तीनच शब्द उचलून वहीत लिहायचे, पुस्तक मिटायचं, आणि त्या शब्दांवरून परिच्छेद परत उभा करायचा. काय लिहू हा प्रश्न उरत नाही, फक्त कसं लिहू उरतं, आणि 'अँड देन' आपोआप कमी होतं कारण मूळ परिच्छेदात ते नसतं. उतारा तिच्या वाचनाच्या पातळीचा निवडायचा, तिसरीचा नव्हे, म्हणजे नाक मुरडायला जागा नाही.

मुलाला आत्ता लेखन म्हणजे तुम्ही लेखनिक. तो सांगेल तसं तुम्ही लिहा, वाचून दाखवा, त्याला बदलायचं असेल तर बदलू दे. लिहिण्यात दोन ओझी असतात, मनातलं वाक्यात आणणं आणि वाक्य कागदावर आणणं. तो पहिलं छान करतोय, दुसऱ्यासाठी हात तयार नाही. ते वेगळं चालू दे, रोज एक चांगलं वाक्य बघून सावकाश उतरवायचं, दहा मिनिटांत आटपलं पाहिजे.


डिचोलीचे मास्तर:

बाय, मी निवृत्त मराठी शिक्षक. इंग्रजीतलं वरच्यांनी चांगलं सांगितलं आहे, मी मराठीपुरतं बोलतो.

आधी पुस्तकाचं. पुण्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे १९६७ मध्ये सुरू झालेल्या बालभारतीची, मराठीची दोन वेगळी घराणी आहेत. मराठी ही पहिली भाषा असेल तर आठवीपर्यंत बालभारती आणि नववी-दहावीला कुमारभारती. इतर माध्यमांच्या मुलांसाठी सुलभभारती, पुढे अक्षरभारती. लोक इयत्तेवर भांडतात आणि घराणं बघतच नाहीत. तुमची मुलगी मराठी ऐकत-बोलत वाढली आहे म्हणून बालभारतीच घ्या. पीडीएफ त्यांच्या साइटवर फुकट मिळतात, तेव्हा लेव्हल चुकायची भीती कसली, तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही उतरवून घ्या आणि तिला चाळू दे. ज्या पुस्तकातला धडा ती न अडखळता मोठ्याने वाचते पण त्याखालच्या स्वाध्यायात अडते, ते तिचं.

आता कसोटी. दोन कागद पाहिजेत. एक श्रुतलेखन, घरी गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत जे काय येतं त्यातली खेळाच्या पानावरची एखादी बातमी, आठ-दहा ओळी. दुसरा तिचं मोकळं लिखाण. श्रुतलेखनात फक्त कान आणि ऱ्हस्वदीर्घ कळतं, कोंकणीचं वळण त्यात दिसणार नाही, ते मोकळ्या लिखाणात दिसतं. चुका मोजू नका, ढीग करा. ऱ्हस्वदीर्घाचा एक, जोडाक्षरांचा एक, कोंकणी वळणाचा एक. जो ढीग मोठा त्यावर महिनाभर काम, बाकीच्यांकडे बघायचं नाही, आणि लाल पेन तर घरात ठेवायचंच नाही.

'माझो भाव झाडार चढलो' यात घाबरण्यासारखं काही नाही. वाक्य पूर्ण आहे, कर्ता-क्रियापद जुळलेलं आहे. तिच्या डोक्यात व्याकरण पक्कं आहे, फक्त कोंकणीच्या घरात बसलं आहे. वहीचं पान मधून दुमडा, डावीकडे तिचं वाक्य, उजवीकडे 'माझा भाऊ झाडावर चढला'. शेवटच्या ओ चा आ होतो, र चा वर होतो, असे नियम तिलाच शोधू दे. ते शोधणं हेच तिचं या वर्षाचं व्याकरण. कर्मणी प्रयोग पण असाच, 'मी आंबा खाल्ला, मी कैरी खाल्ली' यातलं क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं हे कोंकणीतही असल्यामुळे तिच्या तोंडी आहेच, तुम्ही फक्त नाव सांगायचं.

शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे १८ नियम आहेत. ११ वर्षांच्या मुलीला दोन बस झाले. मराठी शब्दाच्या शेवटची इ किंवा उ दीर्घ. आणि प्रत्यय लागला की शेवटून दुसरं दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं, मूल-मुलाला, फूल-फुलाला, वकील-वकिलाला. शरीर-शरीराला का म्हणून ती विचारेलच, तेव्हा संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ही वेगळी जात म्हणून सांगा आणि पुढे जा.


शिवोलीतलो सायकलवालो:

एवढा सगळा अभ्यास बघून मलाच पोटात दुखायला लागलं :) ८ वर्षांच्या मुलाला व्याकरण आणि लेखन नको म्हणजे नकोच, वाक्य उतरवणं पण ऐच्छिक ठेवा. शार्लट मेसन म्हणून इंग्लंडमध्ये एक शिक्षणतज्ज्ञ होऊन गेली, १९२३ मध्ये वारली, घरी शिकवणारे अर्धे लोक आजही तिचंच नाव घेतात. तिच्याकडे सहा वर्षांपासून तोंडी सांगणं आणि लेखी सांगणं साधारण दहाच्या आसपास, तोपर्यंत ऐकायचं, पाठ करायचं, परत सांगायचं. वाळपईत राहता, पोराला ओढ्यावर सोडा.


डिचोलीचे मास्तर:

ओढ्यावर अवश्य सोडा. पण बाईंनी विचारलंय ते पेन्सिलीबद्दल. अक्षर हे हाताचं काम आहे, दहाव्या वर्षापर्यंत हात लावलाच नाही तर पुढे डोकं पळतं आणि हात मागे राहतो. रोज दोन ओळी, त्याने कोणाचं बालपण जात नाही.


शिवोलीतलो सायकलवालो:

दोन ओळींना माझी हरकत नाही मास्तर, 'वही पूर्ण कर' ला आहे. मेसनकडेसुद्धा लहानपणापासून थोडं थोडं बघून लिहिणं होतंच, सुंदर आणि कमी.


सत्तरीकरीण:

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, आणि मास्तर आणि सायकलवाल्यांचं जमलं हे बघून बरं वाटलं. काल रात्री श्रुतलेखन घेतलं, फुटबॉलची बातमी. मास्तर, तुम्ही म्हणता तसंच, जोडाक्षरं चांगली आहेत, ऱ्हस्वदीर्घाचा ढीग डोंगराएवढा. मोकळं लिखाण उद्या घेते. इंग्रजीची टेस्ट मी बाजूला बसूनच घेतली होती, बाबा, आणि तरी ३ आली, म्हणजे परत घेतली तर अजून खाली का :) आकडा झाकायची आयडिया लगेच घेतली.

एक राहिलंच. पुढे दहावीला एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, बसवायचं ठरलंय. मग आत्तापासून त्यांच्या लेव्हलप्रमाणे जायला पाहिजे का? कोणीतरी म्हणालं त्यांच्याही ए, बी, सी अशा लेव्हल असतात.


पर्वरीकरीण:

असतात, ओपन बेसिक एज्युकेशन म्हणून. ए म्हणजे तिसरी, बी म्हणजे पाचवी, सी म्हणजे आठवी असं धरतात. पण दहावीला बसायला त्या पायऱ्या चढूनच यावं लागतं असं नाही, १४ वर्षं पूर्ण झाली की सेकंडरीला प्रवेश घेता येतो. आठवीचा कागद मध्येच शाळेत परत जायचं झालं तर उपयोगी पडेल, नाहीतर डोक्याला ताप घेऊ नका.

भाषेपुरतं बघायचं तर सेकंडरीला पाच विषय, त्यात एक भाषा असायलाच पाहिजे आणि जास्तीत जास्त दोन घेता येतात. मराठी पण आहे. म्हणजे तुमची मुलगी इंग्रजी आणि मराठी दोन्ही घेऊ शकते आणि हातात अजून तीन वर्षं आहेत. त्या पेपरमध्ये उतारा वाचून उत्तरं, पत्र, थोडं व्याकरण, परिच्छेद लेखन असंच असतं, कोणी क्लॉजची आकृती मागत नाही. सॅम्पल पेपर त्यांच्या साइटवर आहेत, एक छापून फाइलला लावून ठेवा, तिला दाखवायचा नाही, फक्त आपण कुठे चाललोय ते तुम्हाला दिसायला.

फक्त एक बघा. अमेरिकन पुस्तक घेतलंत तर स्पेलिंग तिकडची येणार, कलरमधला यू जाणार, सेंटरचा शेवट उलटणार. आपल्याकडच्या परीक्षेला ब्रिटिश लिहायची सवय बरी. पहिल्याच दिवशी ठरवा कुठली ते आणि पुस्तकात पेन्सिलीने बदलून टाका, नाहीतर दोन वर्षांनी अर्धं इकडचं अर्धं तिकडचं होतं. माझ्या भाचीचं तसंच झालंय.

आणि उताऱ्यांसाठी पुस्तकं विकत घेत बसू नका, पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे, मुलांचा विभाग चांगला आहे, इंग्रजी मराठी दोन्ही. वाळपईहून लांब पडतं खरं, पण महिन्यातून एकदा पणजीला येणं होतच असेल.


फोंड्याची माई:

पर्वरीकरीण, स्पेलिंगचं बरं आठवलंत. अवतरण चिन्हांचं पण बघा, अमेरिकन पुस्तकात स्वल्पविराम आणि फुलस्टॉप नेहमी अवतरणाच्या आत जातो, ब्रिटिश पद्धतीत अर्थाप्रमाणे आत किंवा बाहेर. मुलं यावर वाद घालतात, घालू देत.

सत्तरीकरीण, मग कोर्स मागवताय का?


सत्तरीकरीण:

आत्ता तरी नाही. व्याकरणाला इथलंच पुस्तक घेते आणि लेखनाचा वेगळा कोर्स पहिल्या गटाचा, तोही आधी सॅम्पलचे धडे महिनाभर करून बघून, कारण सॅम्पल फुकट आहे आणि तीन शब्दांचं काम तर पुस्तकाशिवायच होतंय. आज बिबट्यावरच्या परिच्छेदावर केलं, सात वाक्यं आली, 'अँड देन' एकदाच. तिला परत दुसरा परिच्छेद पाहिजे होता पण जेवायची वेळ झाली.

मराठीला चौथीची बालभारती ठरली, मोठ्याने वाचलं सरळ, स्वाध्यायात अडली. नणंदेने बघितलं आणि काय बोलायचं ते बोललीच. धाकट्याने आज मला गोष्ट सांगून अडीच पानं लिहायला लावली, हात माझा दुखतोय.

त्याच्या दोन ओळींसाठी वही कुठली आणू, दुरेघी की चार रेघी?


डिचोलीचे मास्तर:

मराठीला दुरेघी, इंग्रजीला चार रेघी, आणि रेघांमधलं अंतर मोठं असलेली मागा, लहान अंतराची घेतलीत तर पेन्सिल परत फेकून देईल. वाळपईत मिळाली नाही तर म्हापशाला शुक्रवारी बाजाराला आलात की बघा. मुलीचं मोकळं लिखाण झालं की इथे टाका, तिचं नाव काढून, ढीग मी करून देतो.